गाडी कोण थांबवतं?

ताराताई देशकरांकडून पेशंट माझ्याकडे यायचा तो बहुतेक वेळा वैतागलेला असायचा. "त्या खालच्या बाई आधी पोलिसात होत्या का?" असं मला एकानं अगदी गंभीरपणे विचारलं होतं.

रामदासपेठेतल्या आमच्या दवाखान्याच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीपलीकडे, ताराताईंचं वर्कशॉप होतं. कमरेचे पट्टे, मानेच्या कॉलर, मनगटाचे आधार, पोरांच्या वाकड्या पायांसाठी बूट, असं सगळं त्या तिथं तयार करायच्या. मी वरच्या मजल्यावर फिजिओथेरपीत. माप घेता घेता त्या विचारत राहायच्या. पडलात तेव्हा कोणता हात आधी टेकला? पायरी ओली होती की चप्पल गुळगुळीत? गाडी समोरून आली तर खांदा डावा कसा लागला? पट्टा तयार करायला यातल्या निम्म्या गोष्टींची गरज नसायची. पण कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

त्यांच्या घरात सगळे टेबलावर बसून काम करणारे. वडील सिंचन खात्यात बाबू, काका पोस्टात, भाऊ विम्यात. ताराताई बीएस्सी झाल्या आणि कुठंतरी चिकटायचं म्हणून दवाखान्याच्या स्टोअरमध्ये लागल्या. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या वर्कशॉपमध्ये डोकावता डोकावता तिथल्या म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली चामडं शिवायला शिकल्या, मग त्याचं रीतसर शिक्षण घेऊन आल्या, आणि तो घरी बसल्यावर त्याच्या स्टुलावर जाऊन बसल्या. लग्न केलं नाही. इतवारीत भांड्यांच्या दुकानांच्या वर दोन खोल्यांत राहायच्या. नव्या तऱ्हेचा पट्टा केला की पेशंटला द्यायच्या आधी स्वतः घालून घरी जायच्या. गल्लीतल्या लोकांनी त्यांना कधी मानेला कॉलर, कधी गुडघ्याला सळ्या अशा थाटात भाजी घेताना पाहिलं होतं. "आता काय मोडलं, ताराबाई?" असं विचारणंही त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं.

चंपतराव भोयर आमच्याकडे आले ते मनगटाचं हाड मोडून. प्लास्टर निघालं होतं, आता आधाराचा पट्टा हवा होता. उमरेड रोडवरच्या एका गावचे हे शेतकरी, आणि शेतीच्या जोडीला लग्नाच्या वरातीची बग्गी चालवायचे. मी त्या दिवशी चहा प्यायला खाली आले होते, म्हणून पुढचं बोलणं माझ्या कानांवर पडलं.

"कसे पडलात?" ताराताईंनी विचारलं.

"पडलो नाई, मॅडम. घोडीनं नेलं मले."

"नेलं म्हणजे?"

"म्हंजे पयाली. वरात पोचवून रिकामी बग्गी घरी आनून राहिलो होतो. कालव्याच्या पुलावरून खाली उतराले लागलो का तिच्या अंगात आलंच म्हना. मी लगाम खेचून राहिलो, अन् थे आनखीन जोरानं. फेकलं मले दगडावर. बरं झालं, नवरदेव उतरला होता."

"नेहमीच पळते का?"

"नाई ना! थेच तं. सपाट रस्त्यावर गाय हाय गाय. नाव बी गवळण हाय तिचं. पन त्या उतारावर आली का झालं."

ताराताईंचा मापाची फीत धरलेला हात थांबला. "फक्त उतारावर? काहून?"

"आता थे तिलेच माहीत."

मग चंपतरावांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू काढली. घोड्याच्या तोंडात आडवी बसते आणि जिला दोन्ही बाजूंनी लगाम जोडतात, ती लोखंडी कडी. फरक एवढाच की हिच्या आतल्या बाजूला काटे होते. बग्गीवाल्या दोस्तांनी सल्ला दिला होता. घोडीचं तोंड कडक झालं आहे, ही घाल म्हणजे एका बोटानं थांबेल.

ताराताईंनी बाही वर सारली, कडी स्वतःच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "खेचा."

"मॅडम, लागन."

"लागावं म्हणूनच तर केली आहे ना ही? खेचा हळूच."

चंपतरावांनी चांगल्या हातानं अगदी हलकंच ओढलं. कातडीवर लाल ठिपक्यांची ओळ उठली. ताराताईंनी ती ओळ बराच वेळ पाहिली, मग मान वर केली. "तुम्हाला कोणी असं टोचलं तर तुम्ही थांबाल, की पळाल?"

"टोचनाऱ्यावर हाय," चंपतराव म्हणाले आणि स्वतःच हसले. मग हसू ओसरलं. "मलेबी नाई घालाची ही तिच्या तोंडात. पन दुसरं काय करू? पुढच्या वेळी बग्गीत नवरदेव असला तं?"

प्रश्न खरा होता. घोडा ताराताईंनी आयुष्यात जवळून पाहिलेला नव्हता. पण मी त्यांना ओळखत होते. चंपतराव गेल्यावर त्या म्हणाल्या, "अदिती, रविवारी काय करून राहिली?"

माझ्याकडे गाडी होती आणि एक मैत्रीण होती, डॉक्टर मिनल, जनावरांची डॉक्टर. दोन्ही घेऊन आम्ही रविवारी सकाळी उमरेड रोडला लागलो.

गवळण पांढरीशुभ्र होती, आणि माझ्या अपेक्षेपेक्षा फारच मोठी. मी गोठ्याच्या दारातच थांबले. ताराताई मात्र थेट तिच्याकडे निघाल्या, तेवढ्यात चंपतरावांच्या बायकोनं, सुभद्राबाईंनी, त्यांचा हात धरला. "समोरून नका जाऊ, ताई. मागूनबी नाई. खांद्याच्या बाजूनं या, अन् बोलत या." ताराताई बोलत गेल्या. काय बोलायचं ते न सुचल्यामुळे त्यांनी घोडीला स्वतःचं नाव, गाव, नोकरी सांगितली. घोडीनं कान वळवून सगळं ऐकून घेतलं.

मिनलनं तिचं तोंड उघडून आत टॉर्च मारला. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत जुन्या-नव्या जखमा होत्या. जिभेवर एक काळपट वळ. मागची एक दाढ घासून धारदार झाली होती आणि गालाला लागत होती.

"ही जीभ कशानं चेचली?" मिनलनं विचारलं.

चंपतराव जरा अडखळले. मंगल कार्यालयापुढं वरात थांबली की ते लगामानंच घोडीला खांबाला बांधून पाणी प्यायला जात. एकदा बँडवाल्यांनी जवळच फटाका लावला. घोडी मागं सरकली, लगाम ताणला गेला, आणि तिचं सगळं वजन तोंडातल्या कडीवर आलं.

"लगाम बांधायला नसतो हो, हातात धरायला असतो," मिनल म्हणाली. "बांधायचं असेल तर डोक्याला म्होरकी हवी. तोंडात काही नसलेली. लगामाच्या आतून घालायची, म्हणजे ती कायम अंगावर राहील. आणि बग्गी जोडलेली असताना तर बांधून जायचंच नाही, एका माणसानं तिच्यापाशी उभंच राहायचं. ती काटेरी कडी मुळीच घालू नका. जनावराला इजा होते म्हणून तिला कायद्यानंही बंदी आहे."

"म्होरकी हाय ना," चंपतराव आत जाऊन नायलॉनची एक निळी म्होरकी घेऊन आले. "एकदम मजबूत. बैल बांधला तरी तुटत नाई."

मिनलनं ती हातात घेऊन परत दिली. "न तुटणं हीच हिची पंचाईत आहे."

इथं ताराताईंचे कान टवकारले. त्यांच्या धंद्यात पट्टा तुटणं म्हणजे मोठी नामुष्की. टाका उसवला तरी त्या रात्रभर तळमळायच्या. आणि ही डॉक्टरीण चक्क तुटणारा पट्टा मागत होती.

"म्हणजे कसं?" त्यांनी विचारलं.

"घोडा घाबरला की मागं ओढतो. ओढून सुटलं नाही तर आणखी घाबरतो. मग मान मोडेपर्यंत ओढतो, नाहीतर खाली पडून अडकतो. म्हणून कुठंतरी एक कच्ची जागा ठेवायची. खांबाला आधी सुतळीचा वेढा बांधायचा, आणि दोर त्या वेढ्यात अडकवायचा. गाठ अशी की एक टोक ओढलं की सुटेल. अगदीच जीवावर आलं तर सुतळी तुटते, घोडी राहते."

परतीच्या वाटेवर दिघोरीपर्यंत ताराताई गाडीचा सीटबेल्ट ओढून-सोडून पाहत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "म्हणजे प्रत्येक पट्ट्याला आधी विचारायला पाहिजे, बाबा, तू तुटायचं आहेस की नाही? मी हे कधी कोणत्याच पट्ट्याला विचारलं नाही."

मिनलनं दाढ घासून दिली. जखमा भरेपर्यंत घोडीला कामाला लावायचं नाही असं ठरलं, आणि चंपतरावांनी ते पाळलं. तोंडासाठी गुळगुळीत, जाडसर, साधी कडी आणली. बारीक कडी तोंडात रुतते, जाड कमी रुतते, हे ताराताईंना सांगावं लागलं नाही. कमरेच्या पट्ट्याचंही तेच असतं.

आम्हाला वाटलं, झालं काम. तोंड दुखत होतं म्हणून पळत होती, आता नाही पळणार.

पण एका संध्याकाळी चंपतरावांचा फोन आला. "ताराबाई, तोंड एकदम बेस झालं. सपाटीवर लोन्यासारखी चालून राहिली. पन उतारावर थेच. या खेपेले मी उडी मारली म्हनून वाचलो."

मी ते ऐकून हिरमुसले. मिनलही जरा ओशाळली. तिनं घोडीच्या तोंडाकडे बोट दाखवलं होतं आणि ते निदान अर्धवटच बरोबर निघालं होतं. ताराताई मात्र, मला नवल वाटलं, खूश दिसत होत्या. "म्हणजे अजून काही आहे," त्या म्हणाल्या. "मला आधीच वाटत होतं. तोंड तर सपाटीवरही दुखलं असतं ना? मग उतारच काहून?"

पुन्हा रविवार. या वेळी ताराताईंनी घोडीला बग्गी जोडताना पाहायचं ठरवलं. एकेका पट्ट्याला हात लावून त्या विचारायच्या आणि चंपतराव सांगायचे. हा छातीवरचा, यानं ती ओढते. हे दोन्ही बाजूंचे लांब पट्टे, ओढ बग्गीपर्यंत नेतात. पोटाखालून हा तंग. पाठीवरच्या या गादीला दोन्ही दांड्या अडकवल्या, म्हणजे वर-खाली होत नाहीत. ही डोळ्यांची झापडं. हे लगाम.

"आणि हे आकडे?" बग्गीच्या दोन्ही दांड्यांवर, घोडीच्या मांडीच्या जरा पुढं, एकेक लोखंडी आकडा होता.

"असतीन कशाले तरी. मी झालर बांधतो तिथं."

"बरं. छातीच्या पट्ट्यानं बग्गी पुढं जाते. मग थांबवता कशी?"

"लगाम खेचून."

"लगामानं घोडी थांबते. गाडी कोण थांबवतं?"

चंपतरावांनी बग्गीच्या पायाच्या फळीकडे पाहिलं. बग्गीला पायानं दाबायचा ब्रेक होता, पण तो घेतल्यापासूनच धरत नव्हता, आणि सपाट रस्त्यावर त्याची गरजही पडत नव्हती.

"आपण नुसतं बोलून काय होणार, तिलाच विचारू," ताराताई म्हणाल्या. मग त्यांनी सुभद्राबाईंकडे गेरू मागितला.

त्यांच्या वर्कशॉपमध्ये हे रोजचंच होतं. नवा बूट कुठं टोचतो हे लहान पोराला सांगता येत नाही, म्हणून बुटाच्या आत रंग लावायचा, पोराला चालवायचं, आणि पायाला रंग कुठं लागला ते पाहायचं. सुभद्राबाईंनी तुळशीच्या ओट्यासाठी आणलेला गेरू भिजवून दिला. ताराताईंनी तो बग्गीच्या पुढच्या आडव्या दांडीला आणि पायाच्या फळीला दाट फासला.

पुलावरचा उतार सकाळच्या वेळी रिकामा होता. बग्गीत कोणीच बसायचं नाही, असं मिनलनं बजावलं. म्होरकीचा दोर धरून चंपतराव घोडीच्या खांद्यापाशी, दुसऱ्या बाजूला मिनल. मला मागच्या चाकाबरोबर दगड घेऊन चालायचं काम, म्हणजे वेळ आली तर चाकाखाली टाकायचा. ताराताई बाजूनं, कमरेत वाकून, घोडीच्या मागच्या पायांवर नजर लावून चालत होत्या.

चढ संपला आणि बग्गीनं पुढं कलायला सुरुवात केली. छातीवरचा पट्टा सैल पडला. लांब पट्टे लोंबायला लागले. बग्गी आपल्या वजनानं पुढं आली, घोडीचं शेपूट आत दडपलं गेलं, कान मागं पडले, आणि ती एकदम उसळली.

"दगड!" मिनल ओरडली. मी दगड टाकला. कसा टाकला ते मला आजही आठवत नाही, पण चाक अडलं. चंपतराव दोराला लोंबकळत "हो, हो, माय माही" करत राहिले आणि घोडी थरथरत उभी राहिली.

तिच्या पांढऱ्या मागच्या पायांवर, ढोपरांच्या वर, गेरूचे दोन लाल आडवे पट्टे उमटले होते.

चंपतराव तिच्या पायांपाशी बसले आणि त्यांनी तो लाल रंग बोटावर घेतला.

"धक्का देऊन राहिली बग्गी तिले," ते म्हणाले. "दरवेळी."

"मागून धक्का बसला की ती पळते," ताराताई सावकाश म्हणाल्या, जणू स्वतःशीच जुळवत होत्या. "पळते म्हणून तुम्ही लगाम खेचता. मग तोंड दुखतं. मागून मार, पुढून ओढ. तिनं जावं कुठं?"

तेव्हा सुभद्राबाई बोलल्या. त्या आमच्या मागून पुलापर्यंत आल्या होत्या. "अवो, मामंजींच्या टांग्याले मागून एक पट्टा नव्हता का? शेपटीच्या खालून जाये. मी नवी आली होती तवा थो धुवाचं काम माह्याकडं होतं."

चंपतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग दांडीवरच्या आकड्याकडे पाहिलं. "अरे देवा," ते म्हणाले. "झालर बांधून राहिलो मी तिथं."

पट्टा साधाच असतो. घोडीच्या पुठ्ठ्याला, म्हणजे शेपटीखालच्या मागच्या भागाला, वेढा घालून दोन्ही टोकं दांड्यांवरच्या त्या आकड्यांना अडकवायची. उतारावर बग्गी पुढं सरकू लागली की पट्टा घट्ट होतो आणि घोडी आपल्या बुडाचा जोर देऊन तिला मागं रेटते. बग्गी ज्यांच्याकडून घेतली ते शहरातले, सपाट रस्त्यांवरचे. त्यांनी तो बिनकामाचा लोंबतो म्हणून काढून टाकला असावा.

ताराताई आणि मी इतवारीत गेलो. घोड्यांचं सामान ठेवणारं एक दुकान होतं. दुकानदारानं आमच्यापुढं आरसे जडवलेले, जरीचे, घुंगरांचे साज पसरले. मागचा पट्टा होता, पण रेक्झिनचा, आत कागदी पुठ्ठा. ताराताईंनी तो वाकवला तशी त्याला चीर गेली. नायलॉनचा होता, तो अरुंद आणि कडांना धारदार. "आमच्याकडून सगळे हेच नेतात, मॅडम," दुकानदार म्हणाला. "वरातीत बघतं कोण, चमकलं पाहिजे." तो वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडे कोणी कधी दुसरं मागितलंच नव्हतं. शेवटी आम्ही नुसतं जाड चामडं, पितळी कड्या आणि आत लावायला लोकरीचा मऊ नमदा घेऊन आलो.

या पट्ट्याला त्यांनी विचारलं, असं त्या मला म्हणाल्या. हा तुटायचा नाही. हा तुटला तर सगळं वजन पुन्हा तिच्या पायांवर. म्हणून दुहेरी चामडं, दोन सुयांची शिलाई, ताण येतो तिथं पितळ. म्होरकी मात्र त्यांनी एकेरी चामड्याची केली, आणि सुतळीचा वेढा चंपतरावांना स्वतःच्या हातानं बांधायला लावला.

आणि मग फजिती झाली. पट्टा घालून घोडीला लगेच बग्गीला जोडलं. मागं काहीतरी अंगाला लागलं तशी तिनं दोन्ही पाय झाडले आणि बग्गीची पुढची फळी तोडली. ताराताई एवढ्या घाबरल्या की गोठ्याच्या भिंतीला टेकूनच राहिल्या.

"आपली चूक आहे," मिनल म्हणाली. "आजवर मागून जे काही लागलं त्यानं तिला मारलंच आहे. हा मारणारा नाही, हे तिला कसं कळणार?"

"पेशंटला मी सांगू शकते, पट्टा कशाला आहे ते," ताराताई पुटपुटल्या. "हिला कोणत्या भाषेत सांगायचं?"

ते काम सुभद्राबाईंनी केलं. बग्गीशिवाय, नुसता पट्टा अंगावर टाकून त्या घोडीला रोज बांधावरून फिरवून आणायच्या. फिरवताना पट्टा हातानं मागून हलकेच ओढायचा, सोडायचा, पुन्हा ओढायचा. आधी शेपूट आत जायचं, मग नुसतं हलायचं, मग तेही नाही. मधल्या काळात ताराताईंनी पट्ट्याची उंची बदलली. पहिल्यांदा तो खाली आला होता, तसा राहिला तर पाय अडकून ती पडली असती. वर घेतला तर सरकून शेपटीखाली जाऊन काचला. पुठ्ठ्याचं हाड आणि मांडीचा बाक यांच्यामधली जागा सापडेपर्यंत त्या इतक्या वेळा गावाला गेल्या की कंडक्टर त्यांना तिकीट काढायच्या आधीच स्टॉपचं नाव सांगू लागला. ढिलाई किती ठेवायची यावर चंपतरावांशी त्यांचा वादही झाला. ते म्हणत घट्ट, त्या म्हणत सैल. हाताचा पंजा आत जाईल एवढी मोकळीक ठेवल्यावर दोघंही गप्प झाले, कारण घोडी मोकळेपणानं चालायला लागली. बग्गीचा ब्रेकही दुरुस्त झाला.

गावातल्याच एका मुलाचं लग्न होतं, गोरज मुहूर्ताचं. वरात पुलावरून पलीकडच्या लग्नाच्या लॉनवर जाणार होती. चंपतरावांनी नवरदेवाच्या वडलांना आधीच सांगितलं होतं की उतारावर फटाके नको, आणि नवरदेव उतार संपल्यावरच बसेल. थोडी कुरबूर झाली, पण मोडलेलं मनगट सगळ्यांनी पाहिलं होतं.

नवरदेव पुलाच्या टोकाला पायी उभा होता, बँडवाले त्याच्याभोवती, आणि सगळे रिकाम्या बग्गीकडे पाहत होते. असं मी कुठल्याच वरातीत पाहिलेलं नाही. चंपतराव वर बसले होते, लगाम हलके धरून. घोडीच्या तोंडापाशी सुभद्राबाई, नऊवारीत, हातात म्होरकीचा दोर. ताराताई रेशमी साडी नेसून आल्या होत्या आणि तशाच वाकून घोडीच्या पुठ्ठ्याकडे पाहत चालत होत्या. कुणा म्हातारीनं मला विचारलं, "त्या बाईचं काही हरवलं का वं?"

बग्गी कलली. छातीचा पट्टा सैल झाला. मागचा पट्टा ताणला गेला आणि त्याचा करकर आवाज आला. घोडीनं कान मागं नेले.

"हो, माय," सुभद्राबाई म्हणाल्या.

घोडीनं पाठ जराशी गोल केली, मागचे पाय पोटाखाली घेतले, आणि बुडाचा जोर देऊन, एकेक पाऊल टाकत, बग्गीला धरून ठेवत ती खाली उतरली. अगदी जाडी बाई जिना उतरते तशी, विचार करत. तळाशी पोचल्यावर तिनं जोरात फुरफुर केलं. चंपतरावांनी लगाम एका हातात घेतले आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसले. पुसताना त्यांना मनगटाचा पट्टा आड आला.

"तिनं थांबवली," ताराताई मला म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर एखादं कोडं सुटलेल्या पोरीचा आनंद होता. "पाहिलं का तू? गाडी तिनं थांबवली. लगाम कोणी खेचलाच नाही."

यानंतर सगळं जग सुधारलं असं काही झालं नाही. एक-दोन बग्गीवाले गावाला येऊन पट्ट्याचा नमुना घेऊन गेले. एकानं हसून सांगितलं की त्याच्या घोड्याला काटेरी कडीच बरी. मिनल त्याच्या घरी दोनदा जाऊन आली, अजून जाते. गवळण फटाक्यांना आजही बिचकते, आणि डीजेच्या वराती चंपतरावांनी घेणं सोडून दिलं आहे. एकदा लॉनसमोर, बग्गी सोडून, खांबाला बांधलेली असताना कुत्री भांडली, तिनं मागं झटका दिला आणि सुतळी तुटली. ती चार पावलं जाऊन उभी राहिली. सुतळी तुटल्याचं चंपतरावांनी मुद्दाम ताराताईंना फोन करून सांगितलं, दुसरी बांधायच्या आधी.

बदलल्या त्या ताराताई. आधी त्या स्टुलावर बसून विचारायच्या. आता पेशंट जिथं दुखावला तिथं जाऊन पाहतात. दवाखान्यातल्या लोकांना हे विचित्र वाटतं, पण रविवार त्यांचा स्वतःचा आहे. परवा उमरेडचा एक विणकर आला होता. कमरेचा पट्टा तीनदा बदलून दिला तरी त्याची पाठ एकाच बाजूनं धरते. ताराताईंनी माप घेणं थांबवलं आणि त्याला त्याच्या हातमागाचा पत्ता विचारला.

आज रविवारी सकाळी मी त्यांना उमरेडच्या गाडीसाठी एसटी स्टँडवर सोडलं. हातात डबा आणि मापाची फीत.

"काय असेल असं वाटतं तुम्हाला?" मी विचारलं.

"काहीच माहीत नाही अजून," त्या म्हणाल्या, आणि खिडकीची जागा मिळावी म्हणून घाईघाईनं गाडीत चढल्या.